मोजकी हत्यारे, लहान पेट्या: साठवणीचे कपाट घरीच करताना

साठवणीचे कपाट घरी करायचे तर किमान कोणती हत्यारे लागतात, प्लाय कोणते आणावे, आणि करवत-रंधा हातात न धरलेल्या माणसाला हे काम जमते का, हे प्रश्न सातारा-सांगली भागातले वाचक वारंवार विचारतात. त्यांच्या मुळाशी एक समजूत असते. कपाट म्हणजे सहा फूट उंच, चार फूट रुंद, भिंतीला टेकलेली एकसंध वस्तू, आणि ती करायला सुताराची पूर्ण पेटी हवी, असे आपण धरून चालतो. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. हत्यारे कमी असतील तर कपाटाचा आकार बदला. लांब आणि सरळ कापणी दुकानातल्या यंत्रावर करून घ्या. घरी फक्त जोडणी ठेवा, आणि एका मोठ्या कपाटाऐवजी एकमेकींवर बसणाऱ्या दोन-तीन लहान पेट्या करा. कृष्णा-कोयनेच्या काठी राहणाऱ्यांना या पद्धतीचा आणखी एक मोठा फायदा आहे.

आपल्या भागात लहान पेटीच का?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. तिथे धोक्याची पातळी 45 फूट मानतात. त्याआधी 2005 मध्ये आणि नंतर जुलै 2021 मध्येही पाणी घरांत शिरले. अशा वेळी घर रिकामे करायला हाताशी थोडाच वेळ असतो. सहा फुटी कपाट जिन्यावर वळत नाही, चार माणसे लागतात, आणि ती चार माणसे त्या क्षणी आपापल्या घरात गुंतलेली असतात. शेवटी कपाट खालीच राहते आणि आतले सामान पिशव्यांत कोंबून वर जाते. पुढे दिलेल्या मापाची 18 मिमी प्लायची पेटी रिकामी असताना साधारण पंधरा-सोळा किलो भरते, दारांसह वीसच्या आसपास. दोन माणसे ती सहज माडीवर नेतात.

पूररेषेपासून लांब राहणाऱ्यांनाही दुसरे कारण पुरेसे वाटावे: आपल्या दोन जिल्ह्यांतले हवामान लाकडाला दोन टोकांचे आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरे म्हणायचे. जावळी-पाटणच्या घरात पावसाळाभर भिंतीला ओल असते, जत-आटपाडीच्या घरात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठणठणीत. लाकूड हवेतली ओल घेते तेव्हा रुंदीत फुगते, सोडते तेव्हा रुंदीत आकसते. लांबीत जवळजवळ बदलत नाही. म्हणून अखंड फळ्यांचे दार एका ऋतूत अडकते आणि दुसऱ्या ऋतूत फटी दाखवते. प्लायमध्ये एकावर एक पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ही हालचाल बरीच रोखली जाते. दार जितके लहान, तितकी उरलीसुरली हालचालही कमी जाणवते. दोन फुटी दार रंधा न मारता वर्षभर उघडते-मिटते. सहा फुटी दाराला दर पावसाळ्यात कोणाला तरी बोलवावे लागते.

तिसरे कारण कोयनेचे आहे. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनानगरच्या भूकंपानंतरही पाटण, कराड, सातारा भागात लहान धक्के अधूनमधून जाणवत असतात. उंच आणि उथळ कपाट पुढे कलंडायला मोठा धक्काही लागत नाही. उघड्या दाराला लोंबकळणारे मूलसुद्धा पुरते. छातीच्या उंचीची दोन पेट्यांची चळत मुळातच अधिक स्थिर असते आणि एका पट्टीने भिंतीला बांधता येते.

कोणते लाकूड, कोणते टाळावे

निवडीचा प्रश्न इथे सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण चुकीच्या मालावर कितीही नीट जोडणी केली तरी ती टिकत नाही. तयार फर्निचरच्या दुकानात स्वस्त दिसणारी बहुतेक कपाटे पार्टिकल बोर्डची किंवा एमडीएफची असतात. लाकडाचा भुसा किंवा तंतू गोंदाने दाबून हे बोर्ड करतात. कोरड्या शहरी फ्लॅटमध्ये ते ठीक चालतात. पण कडेने पाणी शिरले की ते फुगतात, पुन्हा पूर्वीच्या जाडीवर येत नाहीत, आणि त्यातला स्क्रू सुटतो. फरशी पुसताना रोज लागणारे पाणीही त्यांना हळूहळू पुरे पडते. शिवाय या बोर्डात एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही, आणि आपली पेटी तर गरज पडली तर सोडवून पुन्हा जोडण्यासाठीच आहे. म्हणून या कामासाठी हे दोन्ही बोर्ड घेऊ नका.

प्लाय घेताना दुकानदार एमआर, बीडब्ल्यूआर, बीडब्ल्यूपी, मरीन असे शब्द वापरतो. त्यांचा अर्थ निर्णयापुरता सांगायचा तर असा: एमआर म्हणजे दमटपणा सोसणारे, घरातल्या कोरड्या खोलीसाठी, बीडब्ल्यूआर त्याहून पाणी अधिक सोसणारे, बीडब्ल्यूपी किंवा मरीन म्हणजे ज्याचा गोंद तासन्‌तास उकळत्या पाण्यातही सुटत नाही असे. सर्वसाधारण प्लायवर भारतीय मानक क्रमांक आयएस 303 असतो, मरीनवर आयएस 710. सांगली, मिरज, पलूस, वाळवा, कराड भागात तळमजल्यावर ठेवायच्या खालच्या पेटीला मरीन घ्यावे. वरच्या मजल्यासाठी किंवा माण-खटाव, जत-आटपाडीसाठी बीडब्ल्यूआर पुरते. पैसे मोजके असतील तर संपूर्ण काम मध्यम प्रतीच्या मालात करण्यापेक्षा एकच पेटी चांगल्या मालात करा आणि दुसरी पुढच्या वर्षी. लहान पेट्यांमध्ये ही सोय आपोआप येते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मरीन प्लाय पाण्यात खराब होत नाही असे समजून लोक त्याच्या कडा उघड्या ठेवतात. पाण्यात टिकतो तो गोंद. आतले लाकूड पाणी पितेच, आणि ते मुख्यतः कापलेल्या कडेतून पिते. कडा बंद करणे हे कामाचे अंग आहे, शोभा नव्हे. दुकानात यंत्र असेल तर कडांना पीव्हीसी पट्टी तिथेच चिकटवून घ्या. नसेल तर दोन हात ऑइल पेंट किंवा पॉलिश कडेवर आधी द्या, मग पृष्ठभागाकडे वळा.

सागवानाची इच्छा अनेकांना असते, आणि घरच्या बांधावरचे झाड असेल तर ती रास्तही आहे. मात्र लगेच कापलेल्या ओल्या लाकडाचे कपाट करू नका. फळ्या सावलीत, मधे पट्ट्या घालून, महिनोन्‌महिने वाळाव्या लागतात. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर तुणीच्या लाकडाबाबत जो संयम पाळतात, तोच इथे लागतो. शिवाय साग, आंबा, फणस, जांभूळ यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 नुसार तोडण्याआधी परवानगी लागते, आणि लाकूड वखारीत न्यायला वाहतुकीचा परवाना लागू शकतो. आधी वन विभागाच्या कार्यालयात विचारा.

औद्योगिक वसाहतींच्या आसपास भंगारात मिळणाऱ्या पॅलेटच्या फळ्याही काहीजण वापरतात. त्यांवर जळका शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरी दिलेले. धान्य किंवा कपडे ठेवायच्या कपाटाला ‘एमबी’ शिक्क्याचे लाकूड वापरू नका, आणि शिक्काच नसलेले व तेलकट डाग असलेलेही नको.

एका शीटमधून काय निघते

प्लायची पूर्ण शीट आठ बाय चार फुटांची, म्हणजे 2440 बाय 1220 मिमी असते. 18 मिमी जाडीच्या एका शीटमधून दोन पेट्या, दोन मधल्या फळ्या आणि एका पेटीची दारे निघतील असा आकार धरला आहे. शीट आधी लांबीच्या बाजूने 400 मिमी रुंदीच्या तीन पट्ट्यांत कापायची. करवतीच्या पात्यात प्रत्येक कापाला सुमारे 3 मिमी लाकूड जाते, तेवढी जागा या मापांत सोडली आहे.

- पहिली पट्टी (पहिली पेटी): 650 मिमीचे 2 तुकडे (वरची व तळाची फळी), 544 मिमीचे 2 तुकडे (बाजू)
- दुसरी पट्टी (दुसरी पेटी): वरीलप्रमाणेच
- तिसरी पट्टी: 612 मिमीचे 2 तुकडे (मधल्या फळ्या, रुंदी 395 मिमी), 576 मिमीचे 2 तुकडे (दारे, रुंदी 322 मिमी)
- पाठ: 6 मिमी प्लायचे 650 बाय 580 मिमीचे 2 तुकडे

पेटीचे बाहेरचे माप 650 रुंद, 580 उंच, 400 खोल असे येते. दारांची रुंदी कापताना 75 मिमीच्या आसपास दोन पट्ट्या उरतात. त्या टाकून देऊ नका, पुढे उपयोगी पडतात. मापे मिलिमीटरमध्येच लिहा. इंच आणि सूत तोंडी सांगितले की दुकानातल्या गर्दीत एक सूत इकडेतिकडे होते, आणि तेवढ्याने पेटी डुगडुगते. कापणीचा आराखडा कागदावर काढून न्या. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने नाव लिहायला सांगा आणि समान मापाचे तुकडे यंत्राची एकच मांडणी ठेवून कापायला सांगा. दोन्ही बाजू एकाच मांडणीत कापल्या तर माप एखाद्या मिलिमीटरने चुकले तरी दोन्ही सारखेच चुकते आणि पेटी चौकोनीच राहते. सांगलीतल्या टिंबर एरियासारख्या ठिकाणी किंवा साताऱ्या-कराडच्या मोठ्या प्लाय दुकानांत अशी कापणी करून मिळते का, हे शीट घेण्यापूर्वी विचारा. दुकानात यंत्र नसेल तर माल घेऊन जवळच्या फर्निचर कारखान्यात मजुरी देऊन कापून घेता येतो.

रुंदी 650 वरच का थांबवली, असे कोणी विचारेल. साठवणीच्या कपाटाची मधली फळी वाकते, हे सर्वांनी पाहिलेले असते. तेवढेच वजन तेवढ्याच जाडीच्या फळीवर ठेवले आणि आधारांमधले अंतर दुप्पट केले, तर फळीचा बाक आठपट होतो. पंधरा किलो तेलाच्या रिकाम्या डब्यात शाळू भरला तर तो बारा किलोच्या आसपास बसतो. असे चार डबे चार फुटी फळीवर ओळीने ठेवले की पन्नास किलोंकडे वजन जाते आणि फळी वर्षभरात खाली येते. आपल्या पेटीत असे दोन डबे शेजारी शेजारी राहतात, आणि तेही तळाच्या फळीवर. डब्याची उंची साधारण 35 सेंमी असल्याने मधली फळी तळापासून 390 मिमीवर ठेवा. वर मसाल्याच्या बरण्या आणि लहान डबे मावतील. कपड्यांसाठी पेटी असेल तर फळी बरोबर मध्यावर.

हत्यारे आणि सामान

- 5 मीटरचा टेप, टोकदार पेन्सिल, गुण्या
- उलट-सुलट फिरणारी साधी ड्रिल मशीन; 3 मिमी व 4.5 मिमी बिट, स्क्रूचे डोके बसवण्यासाठी काउंटरसिंक बिट
- चांगल्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर
- दोन क्लॅम्प
- हातोडी, 120 व 220 नंबरचा पॉलिश पेपर
- 8 नंबरचे 50 मिमी स्क्रू, पाठीसाठी 20 मिमी स्क्रू, लाकूडकामाचा पाण्यात न सुटणारा गोंद (पर्यायी)

रंधा, पटाशी, गोल करवत यांची यात गरज नाही. पैसे वाचवायचे तर ते ड्रिल मशीनवर वाचवा, क्लॅम्पवर नको. ड्रिल शेजाऱ्याकडून एका दिवसासाठी मागता येते, पण तुकडे हलू न देता धरणारा तिसरा हात कोणाकडून मागता येत नाही. छतासाठी वापरतात ते काळे ड्रायवॉल स्क्रू दुकानदार सहज पुढे करतो. ते ठिसूळ असतात आणि ओलीत गंजतात. झिंक चढवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे लाकडाचे स्क्रू मागा.

जोडणीचा क्रम

1. सर्व तुकडे मोजा, कडा 120 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, आणि कडा जोडणीआधीच रंगवा किंवा पट्टी लावून घ्या. जोडल्यावर तळाची कड हाताला लागत नाही. गोंद लावणार असाल तर बाजूंच्या वरच्या व खालच्या कडा कोऱ्या ठेवा. त्या फळ्यांखाली झाकल्या जातात आणि रंगावर गोंद धरत नाही.
2. दोन्ही बाजू उभ्या करून त्यांच्यावर वरची फळी ठेवा. बाजू फळीच्या टोकाशी अगदी सरळ आली की क्लॅम्पने धरा. फळीत 4.5 मिमी आणि त्याखाली बाजूच्या कडेत 3 मिमी भोक पाडा. दर सांध्याला चार स्क्रू: दोन टोकांपासून 40 मिमीवर, बाकीचे दोन मधे समान अंतरावर.
3. पेटी उलटी करून तळाची फळी तशीच लावा. स्क्रू आधी पूर्ण आवळू नका.
4. आता कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे, सुमारे 871 मिमी, आले की पेटी काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या टोकांवर हळू दाब देऊन तो काढा आणि मग स्क्रू आवळा.
5. पाठ ठेवा, कर्ण पुन्हा मोजा, आणि दर 100 ते 120 मिमीवर 20 मिमी स्क्रू लावा.
6. मधल्या फळीसाठी बाजूंना आतून 20 मिमी जाडीच्या लाकडी पट्ट्या लावा आणि फळी त्यांवर नुसती ठेवा. उद्या डब्यांची उंची बदलली तर पट्टी काढून दुसरीकडे लावता येते.

यातली पाचवी पायरी लोक सर्वांत हलक्याने घेतात. भिंतीला लागलेली बाजू कोण बघणार म्हणून पाठ टाळतात किंवा तिथे पातळ हार्डबोर्ड ठोकतात. पण पाठ नसलेली पेटी बाजूला ढकलली की समांतरभुज होते, दारे जुळत नाहीत आणि स्क्रू सैल पडत जातात. पेटी सरळ उभी ठेवण्याचे काम पाठ करते.

प्लायच्या कडेत भोक न पाडता थेट स्क्रू मारला की पापुद्रे फाकतात, ही दुसरी नेहमीची चूक. फाकलेल्या कडेत गोंद भरून उपयोग होत नाही. तिथून 25 मिमी सरकून नवे भोक घ्या. गोंद वापरावा की नाही, यावर मत असे: ज्या पेट्या कधीच सोडवायच्या नाहीत त्यांना जरूर वापरा, पूर येणाऱ्या भागातल्या तळमजल्यावरच्या पेटीला नको. तिथे पाणी ओसरल्यावर सांधे उघडून, गाळ धुऊन, सावलीत वाळवता आले पाहिजे.

दारे, पाय आणि भिंत

आत लपणाऱ्या ऑटो बिजागऱ्यांना 35 मिमी व्यासाचे, नेमक्या खोलीचे भोक लागते. साध्या ड्रिलने ते घरी पाडू नका. अनेक दुकाने कापणीबरोबर तेही यंत्रावर करून देतात. तसे जमत नसेल तर पेटीच्या उंचीइतकी लांब पियानो बिजागरी लावा. तिला अनेक लहान स्क्रू असतात, वजन सर्वांवर वाटले जाते आणि एखाददुसरा स्क्रू थोडा चुकला तरी दार लोंबत नाही. एक दार लावून झाल्यावरच दुसऱ्याचे माप खुणा करून पक्के करा. मधे 2 ते 3 मिमी फट ठेवा, पावसाळ्यात ती कामी येते. खालच्या पेटीला दारे आणि वरची उघडी, हा एका शीटचा हिशेब आहे. दोन्हींना दारे हवी असतील तर दुसऱ्या शीटचा तुकडा लागेल.

पेटी थेट फरशीवर टेकवू नका. स्वयंपाकघराच्या कपाटांना लावतात ते खालीवर होणारे प्लास्टिकचे पाय, साधारण 100 मिमी उंचीचे, चार कोपऱ्यांना लावा. फरशी पुसण्याचे पाणी आणि जमिनीतली ओल वर येत नाही, वाळवीची मातीची रेघ लगेच दिसते, आणि फरशी असमान असली तरी पेटी पाण्यासारखी सपाट बसवता येते. भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा. वरची पेटी खालच्या पेटीवर ठेवून दोन ठिकाणी 6 मिमी जाडीच्या, 50 मिमी लांबीच्या नट-बोल्टने वॉशर घालून जोडा. उरलेली 75 मिमीची पट्टी वरच्या पेटीत वरच्या फळीखाली, पाठीला लागून आडवी बसवा, आणि तिच्यातून भिंतीत गिट्टी घालून एक एल पट्टी लावा, कारण 6 मिमीची पाठ एकटी हा ताण घेत नाही. भाड्याचे घर असेल तर भिंतीत भोक पाडण्यापूर्वी मालकांना विचारून घ्या. पाणी वाढल्याची सूचना मिळाली की एल पट्टीचा स्क्रू आणि दोन नट सोडले की पेट्या मोकळ्या होतात. उचलताना हात तळाच्या फळीखाली घाला, वरच्या फळीला धरून ओढू नका.

रंग-पॉलिश झाल्यावर पेट्या आठवडाभर हवेशीर जागी उघड्या ठेवा. नव्या प्लायचा आणि रंगाचा वास धान्याला लागतो.

काही आक्षेप

दोन पेट्या एकावर एक ठेवल्या की मधे दोन फळ्या येतात, त्यातली एक वाया गेली, असे हिशेबी माणूस म्हणेल. ती जादा फळी 650 बाय 400 मिमीची, म्हणजे शीटच्या एक-दशांशाहूनही कमी आहे. तेवढ्यात पेट्या सुट्या करण्याची, शेजारी शेजारी मांडण्याची आणि पुढे तिसरी जोडण्याची मुभा मिळते. हा व्यवहार फायद्याचाच आहे.

सुताराकडून करून घेणे सोपे नाही का? ड्रॉवर, भिंतीत बसवलेले कपाट, पोटमाळा, कोरीव दार अशा कामांना सुतारच हवा, आणि तिथे त्याची मजुरी योग्यच आहे. पण सरळ कापलेले आठ तुकडे काटकोनात जोडणे हे काम तुम्ही करू शकता. दारांपाशी अडलात तर तेवढ्यापुरते अर्ध्या दिवसासाठी सुताराला बोलवा.

लोखंडी कपाटाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. दागिने, कागदपत्रे, कुलूपबंद ठेवायच्या वस्तू यांना लोखंडी कपाटच ठीक. दर पुरात ज्यांच्या तळमजल्यावर पुरुषभर पाणी येते आणि सामान हलवायला घरात माणसेच नसतात, त्यांनीही प्लायवर पैसे घालू नयेत. प्लास्टिकची झाकणाची पिंपे आणि गंजरोधक रंगाचे लोखंड हाच त्यांचा मार्ग. बाकीच्यांना मात्र लोखंडी कपाटाचे वजन, ओल्या भिंतीजवळचा गंज आणि ठरीव मापाचे कप्पे हे तोटे धरूनच निवड करावी लागेल.

माल घेताना तुमचे हक्क

प्लायमध्ये फसवणूक बहुधा दोन ठिकाणी होते: जाडीत आणि प्रतीत. 18 मिमी म्हणून दिलेली शीट 16 भरते, आणि ‘मरीन’ हा शब्द केवळ छापलेला असतो. म्हणून कापणीआधी शीटच्या चारही कडांना जाडी मोजा आणि आयएसआय चिन्हाखालचा ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकून पाहा. कोणत्या कंपनीचा, कोणत्या मालासाठीचा परवाना आहे आणि तो चालू आहे का, हे तिथेच कळते. बिलावर कंपनीचे नाव, प्रत, जाडी आणि मानक क्रमांक लिहून घ्या. ‘प्लाय 1 नग’ एवढेच लिहिलेले बिल पुढे काही सिद्ध करत नाही.

‘कापलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी अनेक ठिकाणी असते. तुमचे माप चुकले असेल तर ती पाटी बरोबर आहे. पण माल सदोष निघाला, पापुद्रे सुटले किंवा आत पोकळी निघाली, तर ती पाटी तुमचा हक्क काढून घेत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 प्रमाणे बिल न देणे, तसेच सदोष माल बिलातल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी दुकानदाराला लेखी कळवा आणि त्याची प्रत ठेवा. दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि तरीही प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे साताऱ्यात किंवा सांगलीत, तक्रार करता येते, खरेदी पुण्या-मुंबईत केली असली तरी. मुदत दोन वर्षांची आहे, वकील नेमण्याची सक्ती नाही, आणि मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही.